कीबोर्डवरचं मांजर

डॉक्टर टेबलाखाली गुडघ्यांवर बसले होते, टॉर्च एका हातात धरून. तारांच्या गुंत्यात हात घालून त्यांनी एक वायर उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली, पुन्हा जागेवर बसवली आणि डोकं न आपटता बाहेर यायचा प्रयत्न केला. डोकं आपटलंच.

डोकं चोळत ते खुर्चीत बसले. कंट्रोलचं बटण पटापट दोनदा दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर मघाचंच चित्र, एका डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, नारिंगी आणि निवांत.

डोळ्यांच्या त्या छोट्या दवाखान्यामागची ही खोली. टेबल एक आणि त्यावर काम करणारी माणसं दोन, डॉक्टर आणि त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत. कॉम्प्युटरही दोन. एकावर डॉक्टरांच्या पेशंटांच्या डोळ्यांची चित्रं आणि मापं, दुसऱ्यावर बाईंचा कारभार : कुणाला कधी बोलवायचं, काय मागवायचं, कुणाला काय कळवायचं. टेबल बेताचं, म्हणून दोन्ही कॉम्प्युटरांना मिळून पडदा एकच, कीबोर्ड एकच, माउसही एकच. त्यांना जोडणारी तळहाताएवढी डबी टेबलाखाली पार मागे बसवलेली. कंट्रोल दोनदा दाबलं की डबी बारीकसा आवाज करी आणि पडद्यावरून हा जाऊन तो येई. ही सोय डॉक्टरांनीच करवून घेतली होती. एका म्यानात दोन तलवारी राहिलेल्या आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग डबी वेड्यासारखं करायला लागली. डॉक्टर एखादं चित्र निरखत बसलेले असत आणि मध्येच, कुणी काही न करता, पडदा पलटे. चित्राच्या जागी बाईंच्या औषधांच्या याद्या. डॉक्टर डबीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून परत आपल्या जागी येत, तर थोड्या वेळानं पुन्हा तेच. आणि एक दिवस ते थांबलं, पण असं थांबलं की कंट्रोल दोनदाच काय, दहादा दाबलं तरी डबी ढिम्म. आधी चळली आणि मग मेली, असं डॉक्टरांनी निदान केलं होतं. तेव्हापासून पडदा बदलायचा तर दर वेळी टेबलाखाली वाकून डबीवरचं बटण दाबावं लागे.

आज रविवार. दवाखाना बंद. बाई आक्काला आणायला स्टेशनवर गेल्या होत्या. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी डॉक्टरांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहिला.

"कशाला त्याच्या मागे लागताय? खालचं बटण चालतंय ना?"

"कंबर मोडते दर वेळी वाकून."

"मी वाकीन तुमच्यासाठी. पण आज राहू द्या. उगाच हात दाखवून अवलक्षण."

डॉक्टर हसले होते. बाई हसल्या नव्हत्या. दार ओढून गेल्या होत्या.

पण आज डॉक्टरांना ते हवंच होतं. उद्या सकाळी आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला डोळा एकच. दुसरा लहानपणीच एका दुखण्यात गेला होता. घरात सगळे म्हणत, आक्काचा डोळा गेला म्हणूनच हा डोळ्यांचा डॉक्टर झाला, आणि डॉक्टरांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. आता त्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. यापूर्वी दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा मोडली. आक्काची साखर वाढलेली निघाली, बाईंनीच तिला फोन करून तसं कळवलं. पण आता आक्काला स्वयंपाकघरातली बरणीसुद्धा ओळखू येत नव्हती आणि तिनं हट्टच धरला. साखर असो नाहीतर गूळ, मी येतेय, म्हणाली.

मापं डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर, मागवलेल्या भिंगाचा तपशील बाईंच्या. दोन्ही आलटून पालटून ताडून पाहिल्याशिवाय डॉक्टरांना चैन पडणार नव्हती. एकच डोळा होता तो.

त्यांनी माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढून लावून पाहिला. वायर दुसऱ्या भोकात घातली. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून सुरू केले. डबीची वीज काढली, थांबले, परत दिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी ती डबी बसवून दिलेल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

तो जेवत होता, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

"बोला डॉक्टरसाहेब. मीच यायचा होतो खरं तर. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

"ये की. पण आधी ही तुझी डबी बघ. गेली वाटतं. कंट्रोल दोनदा दाबून बदलतच नाही."

"बदलेल कशी? बंद केलंय ना ते."

"कुणी?"

"बाईंनी. मला फोन करून विचारलं त्यांनी, कसं बंद करायचं म्हणून. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. लगेच जमलं त्यांना." त्यानं घास गिळला. "तुमचं ते मांजर हो."

डॉक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कीबोर्डवर येऊन बसतं ना? पाय पडतो कंट्रोलवर आणि पडदा आपोआप पलटतो. बाई म्हणाल्या, डॉक्टरांना काम करू देत नाही. मी म्हटलं, मांजराला बाहेर ठेवा, सोपा उपाय. तर म्हणाल्या, तसं कसं करू, घर त्याचंच आहे." तो हसला. "दवाखान्यात मांजर कसं चालतं, असं माझ्या मनात आलं होतं. पण म्हटलं आपल्याला काय करायचंय."

त्या घरात मांजर नव्हतं. कधीच नव्हतं. बाईंना मांजराच्या केसांनी शिंका येत.

"हो," डॉक्टर म्हणाले. "मांजर. खरंय."

"कसंय आता ते?"

"बरं आहे. पुन्हा सुरू कसं करायचं ते सांग."

त्यानं सांगितलं. उजवीकडच्या आकड्यांमधली दोन बटणं एकदम धरून ठेवायची, डबी बोलली की सोडायची, मग एक अक्षर दाबायचं. डॉक्टरांनी तसं केलं. टेबलाखालून बारीक आवाज आला. कंट्रोल दोनदा दाबलं, पडदा पलटला. पुन्हा दाबलं, परत आला.

डॉक्टरांनी फोन ठेवला. मांजराचं कोडं उलगडेना. बाई खोटं बोलत नसत. आलेल्या पाहुण्याला 'छान झालंय' म्हणतानासुद्धा त्यांच्या जिवावर येई. बंदच करायचं होतं तर मला सांगून करायचं. असेल काहीतरी, आल्यावर विचारू, असं म्हणून त्यांनी आक्काच्या डोळ्याची मापं उघडली. उजवा हात माउसवर, डावा नेहमीसारखा कीबोर्डच्या डाव्या कडेला टेकलेला. बुबुळाची वक्रता, डोळ्याची लांबी. ते पुढे सरकून आकडे वाचू लागले.

डबी बोलली. पडदा पलटला.

डॉक्टरांनी मापं परत आणली. वाचू लागले. डबी पुन्हा बोलली.

या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. मान तशीच ठेवून फक्त नजर खाली नेली.

डावा हात कीबोर्डवर विसावला होता. चार बोटं शांत होती. करंगळी कंट्रोलच्या बटणावर वरखाली होत होती, एका ठरलेल्या लयीत, जणू दुसऱ्या कुणाची होती आणि कुणाची तरी वाट पाहत होती.

ही लय त्यांच्या ओळखीची होती. तपासणीच्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसलेल्या कितीतरी माणसांच्या मांडीवर त्यांनी ती पाहिली होती. डोळे तपासून झाल्यावर ते हळूच म्हणत, एकदा मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं काही नाही, हे ते किती सहज म्हणत!

त्यांनी हात उचलला. टेबलावरचा चिमटा घेतला आणि ऑपरेशनच्या वेळी धरतात तसा हवेत धरला. हात दगडासारखा स्थिर. चिमट्याचं टोक हललं नाही. चिमटा ठेवला, हात मांडीवर सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग करंगळी सुरू झाली.

हात कामाला लागला की थांबतंय. डॉक्टरांनी तो विचार मनात घट्ट धरला. थांबतंय म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. कितीतरी जणांचं वर्षानुवर्षं थांबत राहतं. आणि उद्याचं काम ते किती, उजव्या हाताचं जास्त, डाव्याचं थोडं. लोक म्हणत, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. अर्धं गाव त्या हातगुणावर डोळे मिटून टेबलावर आडवं होत आलं होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि थांबेना. ती शाळेतली शिक्षिका, जिचा डोळा गुंतागुंतीचा होता. बाई म्हणाल्या होत्या, छोट्या मॅडमना करू द्या, त्यांना कधी अनुभव मिळायचा? छोट्या मॅडम म्हणजे दवाखान्यातली तरुण डॉक्टर, सगळे तिला तसंच म्हणत. नंतर तो म्हातारा शिंपी. मग आणखी कोण कोण. सध्या गर्दी कमी आहे, तुम्ही जरा आराम करा. आणि आक्काची साखर.

आणि ऑपरेशनच्या खोलीतल्या बाई. लग्नाआधीपासून त्या डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहून हत्यारं देत आल्या होत्या, मागायच्या आत. डॉक्टरांची नजर दुर्बिणीत असे. अलीकडे कधी मान वर केली तर मास्कच्या वर बाईंचे डोळे रोखलेले दिसत. डॉक्टरांना वाटे, पेशंटच्या डोळ्याकडे बघतेय. पण बाईंच्या जागेवरून पेशंटचा डोळा दिसतच नाही. तिथून दिसतात ते फक्त डॉक्टरांचे हात.

बाहेर रिक्षा थांबली. आक्काचा आवाज आधी आत आला.

"पायरी आहे का? आहे ना? मला सांगू नकोस, मला माहीत आहे. या घराच्या पायऱ्या मी आंधळी झाले तरी चढीन."

बाईंनी तिला पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्या मागे आल्या. टेबलापाशी येऊन, चष्मा शोधत, त्यांनी सहज विचारलं,

"भिंगाचा नंबर पाहिलात?"

डॉक्टरांनी उत्तर म्हणून कंट्रोल दोनदा दाबलं. डबी बोलली. पडदा पलटला.

बाईंचा हात चष्म्यावरच थांबला.

"चालू झालं?"

"झालं. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला होता."

पुढच्या खोलीत आक्का स्वतःशीच काहीतरी पुटपुटत पिशवी चाचपत होती.

"मांजराची चौकशी करत होता," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"काय सांगितलंत?"

"बरं आहे म्हणालो."

बाई खाली बसल्या.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडदा पलटायला लागला तेव्हापासून. त्याआधी चहाच्या बशीचा आवाज यायचा, पण मी तो ऐकला नाही असं केलं." त्यांनी पदरानं चष्मा पुसायला घेतला. "ऑपरेशनच्या टेबलावर मी दर वेळी बघत होते. काम सुरू झालं की थांबतं. दर वेळी थांबलं. नसतं थांबलं तर तिथल्या तिथे तुमचा हात धरला असता मी."

"आणि तोवर मला सांगितलं नसतंस."

"रोज सांगणार होते. रोज सकाळी वाटायचं, आज. आणि तुम्ही हात धुवायला उभे राहायचात, त्या तुमच्या पद्धतीनं, शीळ घालत." त्या थांबल्या. "मग म्हणायची, उद्या."

"पेशंटांचं काय? त्यांना कुणी विचारलं?"

बाईंनी मान खाली घातली.

"चुकलं माझं. जे कठीण ते मी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, एवढंच केलं. ते पुरेसं नव्हतं, कळतं मला."

"आक्काची साखर?"

"चांगली होती. दोन्ही वेळा."

डॉक्टरांना राग आला होता. तो कुणावर काढावा ते त्यांना ठरवता येईना. बायकोवर काढावा तर तिनं पुसून पुसून चष्म्याची काच धुरकट करून ठेवली होती. त्यांनी तिच्या हातातून चष्मा घेतला, आपल्या रुमालानं नीट पुसला आणि परत दिला.

"छोट्या मॅडमना फोन कर," ते म्हणाले. "उद्या सकाळी लवकर यायला सांग. सगळं सांग त्यांना. मांजर नको आता."

पुढच्या खोलीत आक्का खुर्चीच्या कडेवर बसली होती. प्रवासातली पिशवी अजून मांडीवर. एका डोळ्यानं, त्याही धुकं धरलेल्या, तिनं दाराकडे पाहिलं.

"कोण? तू का रे?"

"मीच."

"इतका वेळ कुजबुज कसली चालली होती? माझी साखर पुन्हा वाढली की काय? मी आज सकाळपासून कोऱ्या चहावर आहे, सांगून ठेवते."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

"उद्या ऑपरेशन आहेच. पण मी नाही करणार. छोट्या मॅडम करतील. माझ्यापेक्षा चांगल्या करतील."

आक्कानं पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. सावकाश, जागा चाचपून.

"मग मी रात्रीच्या गाडीनं परत जाते."

"आक्का."

"आक्का काय? अख्खं आयुष्य एका डोळ्यावर काढलं मी. तो काय आता कुणा पोरीच्या हाती देऊ? तुझ्या हातून जायचा असेल तर जाऊ दे. तुला मी बोल लावणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

"हाताचंच आहे," डॉक्टर म्हणाले. दारात बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "डावा हात थरथरतो माझा. काम करताना थांबतो. आजपर्यंत थांबत आलाय. उद्या थांबेल की नाही ते मला सांगता येत नाही."

आक्कानं तळहात पुढे केला.

"दे बघू."

डॉक्टरांनी हात दिला. तिनं तो आपल्या मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकला. पाखरू झाकावं तसा. तिघंही वाट पाहत होती. थोड्या वेळानं तिच्या तळव्याखाली ते सुरू झालं असावं, कारण तिची मान किंचित हलली.

"दुखतं का?"

"नाही."

"मग उद्या तू कुठे असशील? बाहेर फेऱ्या मारणार?"

"तिथेच असेन. तुझ्या शेजारी."

"शेजारी म्हणजे किती शेजारी?"

"हात धरून."

आक्कानं विचार केला.

"ती पोरगी बडबडी आहे का? मला बडबड्या बायका चालत नाहीत. मी एकटी पुरते."

"नाही. शांत आहे."

"मग चालेल," आक्का म्हणाली, आणि बाईंच्या दिशेनं मान वळवून, "साखर चांगली आहे ना माझी? मग चहात घाल."

सकाळी छोट्या मॅडमनी दुर्बीण आपल्या उंचीला लावून घेतली. त्या वेळी त्यांनी एकदाच डॉक्टरांकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. बाई त्यांच्या नेहमीच्या जागी होत्या. डॉक्टर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर. या खोलीत ते इतक्या वर्षांत या बाजूला कधी बसलेच नव्हते. इथून घड्याळ दिसत नव्हतं, पेशंटचा डोळा दिसत नव्हता. हिरव्या चादरीचा उंचवटा तेवढा दिसत होता, आणि चादरीखालून पुढे आलेला आक्काचा हात. त्या हातात त्यांनी आपला डावा हात दिला आणि चादरीची कड वर ओढून घेतली.

पुढचं सगळं त्यांनी कानांनी पाहिलं. आता छेद दिला. आता यंत्र सुरू झालं. मॅडमच्या पायाखालची पट्टी दबली तसा यंत्राचा सूर चढला, उतरला. बाईंनी चिमटा दिला, मागायच्या आत. मॅडमचा आवाज शांत होता.

मध्ये एकदा सगळं थांबलं. मॅडमनी दुर्बिणीतून क्षणभर नजर कडेला नेली. कडेला चादर हलत होती, बारीक, एका लयीत.

"आक्का," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. सगळं छान चाललंय. फक्त हात हलवू नका हं."

बाईंचा चिमटा धरलेला हात हवेत राहिला. डॉक्टरांनी आपला हात काढून घ्यायला म्हणून ओढला.

आक्कानं सोडला नाही. चादरीखाली तिचा हात मघापासून निश्चल होता. आता तिनं पकड आवळली.

"बरं बाई," चादरीखालून ती म्हणाली. "भित्री आहे मी लहानपणापासून. आता नाही हलवत."